दोन बोटं माया

४ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी सुखरूप आहे, वेळेवर जेवते, केसही विंचरते. तेव्हा पुढच्या पत्रात हे तीन प्रश्न विचारून कागद वाया घालवू नकोस. वसतिगृहात खोली जिन्याखालची मिळाली आहे. उभी राहिले की डोकं आपटतं, पण टेबल मोठं आहे, आणि वरून कोण उतरतंय ते मला आता पावलांवरून ओळखता येतं.

तू शिवलेला निळा कोट अंगात घट्ट व्हायला लागला होता. शिवणीच्या आत तू दोन बोटं माया सोडली होतीस, ती उसवून घेतली आणि बसला की बरोबर! शेजारच्या खोलीतल्या मुलीला 'माया' म्हणजे शिवणीत जास्तीचं सोडलेलं कापड हे ठाऊकच नव्हतं. तिला वाटलं, मी आईच्या प्रेमाविषयी बोलतेय. मी म्हटलं, आमच्या घरी दोन्ही एकाच कात्रीने बेततात.

आता रडगाणं ऐक. इथे निबंधलेखनाचा एक विषय सगळ्यांना सक्तीचा आहे, आणि त्याच्या बाई म्हणजे कहर आहेत. मी झोकात लिहिलं होतं, वाचनाने माणूस सुधारतो. समासात लाल शाईने शेरा आला: कशावरून? पुढच्या ओळीला पुन्हा कशावरून. अख्ख्या पानावर माझ्या अक्षरापेक्षा त्यांचं 'कशावरून' जास्त. मुलींनी त्यांचं नावच कशावरून बाई ठेवलंय. त्यांचं म्हणणं असं की, ग्रंथालयात जा, आधार शोधा, कोणी म्हटलंय आणि कुठे म्हटलंय ते लिहा. आणि सगळ्या जगाला पटवायला निघू नका, एक माणूस धरा, त्याला पटवा. वर्षाचा मोठा निबंध असाच लिहायचा आहे, निबंधाच्या वर त्या माणसाचं नाव घालून. मला अजून ना विषय सापडलाय ना माणूस.

तुझ्या तळपायात सुई मोडली आणि तुला पत्ताच लागला नाही, हे तू हसत लिहिलंस. मला हसू आलं नाही. साखर तपासलीस का? मावशीला नमस्कार. माया असू दे.

तुझी,
बटण


९ ऑगस्ट

चि. बटण हिस,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या आईच्या नकळत लिहितेय. तिला कळलं तर माझी धडगत नाही, पण आता माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

सुईची जखम भरलीच नाही गं. आत चिघळत गेली. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली आहेत, जळलेल्या वातीसारखी. मी हातापाया पडून रुग्णालयात नेलं. सर्जनने पाय पाहिला, साखर पाहिली आणि म्हणाला की पाऊल काढावं लागेल, घोट्याच्या वरून, आणि लवकर, कारण विष वर चढतं. तुझ्या आईने त्याचं सगळं ऐकून घेतलं, चप्पल चढवली आणि घरी येऊन मशीनवर बसली. जणू काही दोरा आणायला बाहेर गेली होती!

पायाला वास येतो. तिला तो कळतो, म्हणून हल्ली गिऱ्हाइकाला दारातून आत घेत नाही, कपडे खिडकीतून घेते. मी रडले, भांडले, जेवण सोडलं. ती म्हणाली, तू जेवली नाहीस म्हणून माझा पाय बरा होणार नाही. आता तूच काय ते कर. ती तुझंच ऐकेल, निदान मी तरी त्याच आशेवर आहे. मला तर काही सुचेनासं झालंय.

तुझी,
मावशी


१४ ऑगस्ट

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मावशीने मला सगळं कळवलंय आणि तू तिला एका शब्दाने बोलायचं नाहीस.

खालच्या दुकानात फोन केला तर तू फोनवर यायला नकार दिलास. ठीक आहे, लिहिते. तीन दिवस मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसले आहे. सोबत पाच पानं उतरवून पाठवतेय, प्रत्येक ओळीखाली कोणी म्हटलं आणि कुठे म्हटलं ते आहे. काळं पडलेलं बोट परत जिवंत होत नाही. साखरेने पायाची जाणीव जाते, म्हणून तर सुई कळली नाही. ज्यांनी वेळेवर कापू दिलं त्यांच्यातले बहुतेक जगले, ज्यांनी नाही दिलं त्यांचं काय झालं ते चौथ्या पानावर आहे. वाच, डोळे उघडून वाच. शिकलेल्या डॉक्टरपेक्षा तुला जास्त कळतं का? हा शुद्ध वेडेपणा आहे आणि त्याला दुसरं नाव नाही.

तू ऐकलं नाहीस तर मी सगळं सोडून घरी येईन.

तुझी,
बटण


१९ ऑगस्ट

चि. बटण हिस,
अनेक आशीर्वाद.

काय झोडपलंस गं मला! पत्र वाचताना दोनदा पदराने तोंड पुसलं, थुंकी उडत असल्यासारखं वाटलं. तुला स्वतःच्या पायावर उभं राहायला पाठवलं, आणि तू माझाच पाय काढायला निघालीस.

तुझ्या बाईंचा लाल शेरा मला फार आवडला, तेव्हा तोच लावते. मी डोळे मिटून बसले आहे, कशावरून? मी वेडी आहे, कशावरून? तुझी पाच पानं मी चष्मा लावून वाचली. त्यात पुष्कळ पाय आहेत, पण त्यातला एकही मशीनवर बसणारा नाही. उजवा पाय पायडलला जोर देतो, डावा नुसता मागून येतो. उजवा गेला की मी काय करायचं, खिडकीत बसून रस्ता बघायचा? हाताचा दांडा बसवला तर कापड कोण धरणार? तुझ्या पानांत हे कुठेच नाही.

आणि दुसरं. दोन बोटं काळी झाली तर दोन बोटं घे. चांगलं पाऊल, चांगला घोटा, त्याला कात्री कशाला? मी जन्मभर कापत आले आहे. कापलेलं कापड पुन्हा लांब होत नाही, हे मला कोणा पुस्तकाने शिकवलेलं नाही. आपल्या कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा पाय असाच कापला, आणि महिनाभरात तो गेला. त्याच्या बायकोने मला सांगितलं की शेवटपर्यंत तो गेलेल्या पायाला खाजवायला मागत होता.

घरी यायचं नाही. वर्ष बुडवून आलीस तर दार उघडणार नाही, हे लिहून ठेव. फोनवर तू रडशील आणि मी हो म्हणून बसेन, म्हणून फोन नको. तुला पटवायला शिकवतात ना? मग मला पटवून दाखव. पटलं तर पाय देईन. हा माझा शब्द.

केस विंचरतेस म्हणालीस, तेवढ्यावर माझा विश्वास नाही. जप.

तुझी,
आई


२५ ऑगस्ट

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांग मी काय करू. आईचं पत्र वाचून मी जिन्याखाली बसून इतकी रडले की वरून उतरणाऱ्या मुली थांबायला लागल्या. शेवटी ते पत्र घेऊन मी कशावरून बाईंकडे गेले.

त्यांनी माझं पत्र आणि आईचं पत्र, दोन्ही शेजारी ठेवून वाचली. मला वाटलं होतं, धीर देतील. त्या म्हणाल्या की तुझ्या आईचं पत्र तुझ्यापेक्षा चांगलं आहे, कारण तिने तुझं वाचून उत्तर दिलंय आणि तू तिचं ऐकायच्या आधीच भांडायला उभी राहिलीस. मग म्हणाल्या, आधी तिची बाजू लिही. अशी लिही, की तिने खाली सही करावी. तोवर तुझी बाजू मांडायचा तुला हक्क नाही. माझ्या मोठ्या निबंधाचा विषय ठरलाय, मावशी, आणि वर नाव आईचं आहे.

तर मी तसं लिहिलंय. पहिल्या भागात आईची बाजू, जीव ओतून. तिचं मशीन, तिचा उजवा पाय, तो न्हावी, सगळं. शेवटी रेघ मारून सहीला जागाही सोडली आहे, तिला मान दिल्यासारखं वाटावं म्हणून. दुसऱ्या भागात माझं उत्तर, सगळ्या आधारांसकट. टपाल कचेरीतला माणूस म्हणाला की एवढं जाड एका पाकिटात जाणार नाही, म्हणून दोन पाकिटं केली. दोन्ही एकदम टाकली आहेत. दोन्ही आली की मगच एकत्र वाचून दाखव. एवढं कर. माझ्यात आता याहून जास्त काही शिल्लक नाही.

तुझी,
बटण


१ सप्टेंबर

चि. बटण हिस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

अगं पोरी! तुझं पाकीट आलं आणि मी हातातलं काम बाजूला ठेवून वाचलं. मग पुन्हा वाचलं. तुझे बाबा गेल्यापासून माझ्या बाजूने इतकं नीट कोणी बोललं नव्हतं. बाईचा पाय हे तिचं हत्यार आहे, ते काढून घेताना तिला विचारावं लागतं, असं लिहिलंस. मशीनचा आवाज थांबला की घराला घर म्हणता येत नाही, हेही लिहिलंस. तुला हे कसं कळलं गं? मी तर तुला कधी बोलले नाही.

खाली सहीला जागा सोडली होतीस, तिथे सही केली. काल मावशीने पुन्हा रुग्णालयात ओढत नेलं, तेव्हा तोच कागद सर्जनपुढे ठेवला. म्हटलं, माझी मुलगी कॉलेजात आधार शोधून लिहायलाच शिकते, तिने सगळी पुस्तकं बघून लिहिलंय आणि मला मान्य आहे. त्या बिचाऱ्याने पाऊल कापायला माझा नकार आहे अशा आणखी एका कागदावर सही घेतली आणि आम्ही घरी आलो.

पाय आता दुखतच नाही. तू मोठी झालीस. मी निश्चिंत आहे.

तुझी,
आई


३ सप्टेंबर

बटण,

हे काय करून बसलीस? तुझं मला लिहिलेलं पत्र आज आलं, तुझ्या पाकिटानंतर. दुसरं पाकीट आलेलंच नाही. पोस्टमनला रस्त्यात गाठून झोळी उपसायला लावली, नाही म्हणजे नाही. तुझ्या आईच्या हातात फक्त तिचीच बाजू आहे, आणि ती समजतेय की तू कबूल आहेस! दुसरं पाकीट यायचंय म्हणून घसा फोडून सांगितलं. ती म्हणते, मी मनाचं सांगतेय, तिच्याकडे मुलीच्या अक्षरात लिहून आहे.

सकाळपासून ताप आहे. पाऊल सुजून चप्पलमध्ये जात नाही, वर नडगीवर लाल पट्टा उठलाय. कंपाउंडर येऊन इंजेक्शन देऊन जातो आणि जाताना माझ्याकडे बघत नाही. अशात ती मशीनवर बसून तशाच सुजल्या पायाने एका शाळकरी पोरीचा झगा पुरा करतेय. मी तिच्याशी बोलणं सोडलंय, नाहीतर तोंडातून काहीतरी वाईट जाईल.

तुमच्या वसतिगृहाचा फोन लागत नाही, म्हणून लिहितेय. काहीतरी कर गं. देवाशपथ काहीतरी कर.

मावशी


७ सप्टेंबर

आई,

नमस्कार. मावशीचं आणि तुझं, दोन्ही पत्रं आत्ता एकदमच हातात पडली. दुकानात फोन केला, तू पुन्हा आली नाहीस. पटलंय ते पटलंय, आता वेगळं असेल तर लिहून पाठव, असा निरोप दिलास. आजच्या गाडीत जागा नाही म्हणून हे पत्र कंडक्टरच्या हाती देतेय. मी उद्याच्या गाडीने निघतेय. दार उघडू नकोस, मी पायरीवर बसेन.

पहिलं पाकीट अर्धंच होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे आणि मी एकही मागे घेत नाही. पण ते माझं उत्तर नव्हतं, ती तुझी बाजू होती. सहीची जागा सोडणारी मीच. तुझा पाय मी माझ्या हाताने अडवून ठेवलाय.

दुसऱ्या पाकिटात पुस्तकांतून उतरवलेली पानं होती. ती आता माझ्याजवळ नाहीत आणि वेळही नाही. म्हणून तुला जे आधीच पटलंय तिथूनच लिहिते.

तू विचारलंस, बोटं काळी आहेत तर चांगल्या पायाला कात्री कशाला. आई, तू फाटलेल्या कपड्याला ठिगळ लावतेस तेव्हा भोकाच्या काठावर टाका घालतेस का? काठ कुजलेला असतो. त्याला सुई लावली की टाका धरत नाही, दोऱ्याबरोबर कापडच निघून येतं. तू पक्क्या कापडापर्यंत मागे जातेस, तिथे कापतेस, आणि दुमडायला दोन बोटं माया सोडतेस. सर्जन तेच करतो. हाड झाकायला त्याला चांगलं कातडं लागतं, दुमडून शिवायला. तो तुझा चांगला पाय चोरत नाहीये, शिवणीसाठी माया ठेवतोय. माया नसेल तर शिवणार कशाला?

आणि ती माया रोज आटतेय. तो लाल पट्टा म्हणजे कुजका काठ वर सरकतोय. बेतायला उशीर केला तर तुझ्याच टेबलावर काय होतं ते तुला माहीत आहे. मग कपडा आखूड करत जावं लागतं, आणि एका जागी आल्यावर तो कपडाच उरत नाही. कापलेलं परत लांब होत नाही, हे तुझंच वाक्य. म्हणून आज काप, आई. उद्या याहून जास्त कापावं लागेल.

मशीनचं माझ्याकडे उत्तर नाही. डावा पाय शिकेल की नाही, मला माहीत नाही. तू खिडकीत बसशील आणि माझ्यावर चिडशील, चिड. मला तू हवी आहेस. हा काही मुद्दा नाही, याला कुठलाही आधार नाही, बाई याच्यावर लाल रेघ मारतील. मारू देत. मोठा निबंध आज द्यायचा होता. मी तो दिला नाही, त्याऐवजी हे लिहिलं आणि याची प्रतही केलेली नाही.

आई, माझ्यासाठी शिवणीत जागा ठेव.

बटण


८ सप्टेंबर, सकाळ

बटण,

तू पोचशील तेव्हा घराला कुलूप असेल, म्हणून ही चिठ्ठी दुकानदाराकडे किल्लीबरोबर ठेवतेय. ती रुग्णालयात आहे, मी तिचे कपडे न्यायला घटकाभर घरी आले होते, तिकडेच परत जातेय. घाबरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच घाबरले आहे.

कंडक्टर स्वतः पत्र घेऊन आला. तापाने तिला अक्षर दिसेना, मी वाचून दाखवलं. ठिगळाच्या ओळी तिने पुन्हा वाचायला लावल्या. मग मला म्हणाली, टेप आण आणि खडू आण. लुगडं वर घेतलं, पोटरीवर दाबत दाबत चांगलं कातडं कुठे लागतं ते पाहिलं, आणि बेतायच्या खडूने पायाभोवती रेघ मारली. तिच्या खाली दोन बोटांवर दुसरी. म्हणाली की वरची हाडाची, खालची मायेची. सर्जनला सांग, खुणेबाहेर जायचं नाही.

सर्जनने रेघा पाहिल्या आणि मला बाजूला घेतलं. रेघा बरोबर आहेत म्हणाला, पण आठवड्यापूर्वीच्या. आता गुडघाही वाचत नाही. आणि ती वाचेल का, ते आज सांगता येत नाही.

तिला मी हे सांगितलं नाही. रेघ दिसत राहिली पाहिजे म्हणून तिने त्या पायावर पांघरूण घेऊ दिलं नाही, तशीच आत गेली. तू सरळ इकडे ये. पोळपाटाशेजारी दूध झाकून ठेवलंय, पिऊन ये.

मावशी


१६ ऑक्टोबर

चि. बटण हिस,
अनेक आशीर्वाद.

तू महिनाभर उशाशी होतीस तेव्हा मी काही बोलले नाही. तोंडावर मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून तू परत गेल्यावर लिहितेय.

काल मशीनवर बसले. डावा पाय अगदीच शिकाऊ आहे, पायडल उलटं फिरवतो आणि दोरा तोडतो. मावशी शेजारी बसून चाकाला हात देते आणि मला शिव्या देते. दिवसभरात एक उशीचा अभ्रा झाला, तोही वाकडा. संध्याकाळी फार रडू आलं. रात्री उठून गेलेलं पाऊल चोळायला हात जातो, न्हावी खोटं बोलत नव्हता. बरं चाललंय असं मी लिहिणार नाही, तू विचारशील कशावरून.

तुझ्या बाईंनी निबंधाला मुदत वाढवून दिली म्हणालीस, आणि तुझ्याकडे प्रत नाही. म्हणून तुझं सात तारखेचं पत्र सोबत पाठवतेय. तेच दे. खाली मी सही केली आहे. बाईंना म्हणावं, एक माणूस धरायचा होता ना, तो हा. पण पत्र त्यांच्याकडून परत आण, ते माझं आहे. पहिलं पाकीट मी देणार नाही, ते उशाखाली असतं. त्यात माझं ऐकून घेतलं होतंस, म्हणून तर तुझं मला ऐकता आलं.

आणि हो, दुसरं पाकीट परवा आलं. कुठे कुठे फिरून आलंय देव जाणे, त्याच्यावर शिक्के मारायला जागा उरलेली नाही. उघडून वाचलं. खूप मेहनत केली होतीस, पण त्यात मी कुठेच नाही. ते वेळेवर आलं असतं तरी मला पटलं नसतं. तेव्हा गुडघ्याचा हिशोब स्वतःच्या नावावर मांडून रात्री जागत बसू नकोस. तुझ्या पाकिटामुळे काहीही झालेलं नाही.

हे कशावरून, ते मात्र विचारायचं नाही.

दोन बोटं माया नेहमीच जास्त धरलेली आहे, लागेल तेव्हा उसवून घे.

तुझी,
आई